तिन्ही यंत्रांचं एकच उत्तर

३ मार्च

कंपाइल झालं एकदाचं! खिडकी, सफरचंद, पेंग्विन — टेबलावरच्या तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटर सिस्टिमना मी हीच नावं ठेवलीत — तिघांवर हिशेबाच्या शीटला जोडायचा आमचा जुना प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅड-इन उभा राहिला. शीटमध्ये क्रेनचे आकडे घातले की किती वजन उचलायचं ते सांगतो. पण उत्तरं जुळत नाहीत! खिडकीवर मर्यादा जास्त, बाकी दोघांवर कमी.

४ मार्च

साहेब म्हणाले, "खिडकीवर वर्षानुवर्षं चाललंय. तेच बरोबर. बाकीचे जुळवून घ्या." शुक्रवारी हवंय म्हणे. डोकं चालेना. शेवटी बाकी दोघांच्या कोडमध्ये फरक भरून काढणारी एक ओळ घुसवली. घाणेरडं काम. पण जुळलं.

५ मार्च

ताईकडे गेले. भाऊजी घरीच बसून आहेत. आमच्याच कंपनीची क्रेन चालवतात — गेल्या महिन्यात ती कलंडली आणि खालचा वेल्डर गेला. चौकशी चालू आहे. भाऊजींचं एकच — "मी झटका दिला नाही. क्रेन आपणहून गेली." चूक कबूल केली तर नोकरी जाणार, वर खटला. एरवी "काय इंजिनियरबाई, आज कुठलं यंत्र रुसलं?" म्हणून माझी फिरकी घेणारा माणूस, आज ताटाकडे नुसता बघत होता.

ताई जिन्यापर्यंत आली. "तू बघ ना गं त्या आकड्यांत काही."

६ मार्च

साहेबांनीच अपघाताचे आकडे तिघांवर चालवायला लावले. उचललेलं वजन पावणेसहा टन. मर्यादा, तिन्हीकडे — सहा टन. म्हणजे क्रेनला झेपणारं होतं; मग दोष चालवणाऱ्याचाच. साहेब खूश! "तीन सिस्टिम, एकच उत्तर. चौकशीला देऊन टाकू."

माझी ती ओळ आठवली. झटकून टाकली.

ताईला फोन केला. तिन्ही यंत्रं एकच म्हणतात गं. ती "बरं" म्हणाली. मला रडू आलं.

७ मार्च

मन खातंय.

८ मार्च

रविवार. ऑफिसात कुणी नाही. माझी ओळ काढली आणि जुना कोड पहिल्यापासून वाचत बसले.

सापडलं! हुकाचं आणि दोराचं वजन मर्यादेतून वजा करणारी ओळ — फक्त खिडकीसाठी कंपाइल करताना वगळलेली. शेजारी माझ्या आधीच्या माणसाची टीप: "एरर येते. तात्पुरतं बंद." तात्पुरतं! बाकी दोघांवर ती चालूच होती. ते दोघं खरं सांगत होते आणि मीच त्यांचं तोंड दाबलं.

खरी मर्यादा साडेपाच टन; साइटवर दिली गेली ती खिडकीची सहा. भाऊजींनी काहीही केलं नव्हतं. कुणीही चालवली असती तरी ती क्रेन गेलीच असती.

ताई फोन उचलत नाही. उद्या सकाळी आधी तिच्याकडे, मग साहेबांकडे. माझी नोकरी गेली तर गेली.

९ मार्च

शनिवारीच भाऊजींनी चौकशीच्या कागदावर सही केली. चूक कबूल. ताई म्हणाली, "हे म्हणाले, 'इंजिनियरबाईंनी स्वतः तपासलंय. मग माझाच हात हलला असणार.'"

मी सगळं सांगितलं. कागदावर मांडून दाखवलं. माझी ओळसुद्धा.

भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी खोटं नका बोलू. मला आता नीट आठवतंय. दिला होता मी झटका."