दहा रिकामे पुडे

जालना
रविवार, सकाळ

प्रिय शरयू,

माझं सगळं बदललं ते कॉलेज सोडलं त्या दिवशी नाही. बदनापूरच्या फलाटावर तू मान हलवून हो म्हणालीस त्या संध्याकाळीही नाही. ते बदललं गेल्या बाजाराच्या दिवशी टेंभुर्णीत, कारभारी किराणावाल्याच्या ओट्यासमोर, भर दुपारी. एका म्हातारीनं मला एक गोष्ट विचारली आणि मी दोन शब्दांत उत्तर दिलं. "तोच हाय." एवढंच. रागात नव्हतो, हसून बोललो. आजवर माझ्या हातून जे वाईट झालं ते डोकं तापल्यावर झालं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. हे पहिलं, जे थंड डोक्यानं झालं. म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

तू म्हणशील, आज अकरा वाजता आमच्या घरी बोलणीला यायचंय आणि हा पत्र काय लिहून राह्यला. थांब, सांगतो. पहिल्यापासून सांगतो. अलीकडं मला अर्धंच सांगायची सवय लागली आहे, ती आज मोडायची आहे.

कॉलेज का सुटलं ते तुला माहीत आहे, पण मी ते तोंडानं कधी सांगितलं नाही. गॅदरिंगसाठी भाड्यानं आणलेले दागिने हरवले, आणि कॅन्टीनमध्ये एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "किल्ली शरयूकडंच होती की, मंग कुठं गेले आसतील." मी स्टीलचा जग उचलला. त्याच्या भुवईवर तीन टाके पडले. दोन दिवसांनी दागिने रंगमंचामागच्या पेटीत सापडले, पण मला माफीनामा लिहून द्यायला सांगितलं होतं आणि मी तो कागद प्राचार्यांच्या टेबलावरच फाडला. बी. कॉम.चं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. आमच्या दादांनी परतूरहून येऊन, बाप असून, फक्त एवढंच विचारलं, "पोरगी चांगली हाय का?" मी हो म्हणालो. "मंग कामाला लाग," म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. शेतात ये म्हणाले नाहीत. त्याचं मला बरंही वाटलं, वाईटही.

मंग बद्रीशेठ. शेठच्या सोनपाकळी चहाच्या पुड्यांशिवाय आपल्या जिल्ह्यातलं एक खेडं नसेल. मोठ्या पोत्यांतून पत्ती येते, इथं जालन्यात भरली जाते आणि आमच्या टेम्पोतून गावोगाव जाते. शेठनं मला टेम्पोवर घेतलं आणि गोदामापुढची ही खोली राहायला दिली. एका खाटेची खोली, दिवसभर चहाचा वास. तू एकदा म्हणाली होतीस, तुझ्या पत्रांना चहाचा वास येतो. तो या खोलीचा.

आता मी तुला न सांगितलेली गोष्ट. दिवाळीनंतर शेठनं अडीचशे ग्रॅमचा पुडा दोनशेचा केला. भाव तोच, रंग तोच, पुड्याची उंचीसुद्धा तीच, वरच्या बाजूला थोडी जास्त हवा. वजन तळाच्या घडीवर बारीक अक्षरात छापलं, म्हणजे कायद्यानं बराबर. शेठनं आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. "पत्तीचा भाव चढला. मी पुड्याचा भाव वाढवला तर बाई पुडा ठेवून निघून जाती. वजन उतरवलं तर तीच बाई हसत घेऊन जाती. मंग मी काय करू, सांगा." मीच बोललो. म्हणालो, शेठ, खेड्यातल्या बाया रिकामे पुडे टाकत न्हाईत. बियाणं बांधतेत, चुलीजवळ मीठ ठेवतेत. एखादीनं जुना आन नवा शेजारी धरला तर बोंब होईल. त्यापेक्षा दहा रिकाम्या पुड्यांवर एक स्टीलची वाटी द्या. जुने पुडे आपोआप घराबाहेर येतील.

हो शरयू, वाटीची ती योजना माझी. तू माझ्या हुशारीचं कौतुक करायचीस ना, ही ती हुशारी.

शेठ इतके खूश झाले की माझ्या पाठीवर मारलेली थाप गोदामात घुमली. म्हणाले, ह्या पोराला परतूरची एजन्सी देतो. आणि दिलीही. काल सकाळी माझ्या नावाचा, सही-शिक्क्याचा कागद हातात आला. तोच कागद घेऊन आज मी काकांसमोर, तुझ्या बाबांसमोर, बसणार होतो. काकांनी जातीचा शब्द काढला नाही, शेतकऱ्याचं घर म्हणून नाक मुरडलं नाही. एकच म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण उभा कशावर आहे ते दाखव." तुझी आत्या मात्र म्हणालीच, "नावच भुजंग. घरात घ्यायचा तर दुधाची वाटी ठेवावी लागेल." सगळे हसले, मीही हसलो. वाट्या तर माझ्याकडं गोदामभर होत्या.

टेंभुर्णीत झुंबरबाई म्हणून एक आहेत. खातंपितं घर, दहा माणसं, चार बैल. त्यांच्या घरात चहाची एक रीत आहे. बाजाराला सोनपाकळीचा एक पुडा घ्यायचा, स्वतःच्या हातानं डब्यात ओतायचा आणि तो पुढच्या बाजारापर्यंत पुरला पाहिजे. वीस वर्षं पुरत आला. दिवाळीनंतर तो पुरेना. बाजार दीड दिवसावर आला की डबा खडखडायचा. झुंबरबाईंनी पत्ती स्वतः मोजून द्यायला सुरुवात केली, डब्यावर आपली कपबशी पालथी घालून ठेवायला लागल्या, तरी तेच. मंग घरात संशय घ्यायला एकच माणूस उरतं, तुला माहीत आहे कोण. सून. विमल नाव तिचं. तिचा भाऊ कडूबा दर बाजाराला बहिणीला भेटायला येतो, ओसरीवर चहा पितो, पिशवी उचलतो आणि जातो. झुंबरबाईंनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. सून भावाच्या पिशवीत पत्तीची पुडी घालती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दुपारी मी टेम्पोतून खोकी उतरवत होतो तेव्हा झुंबरबाई हातात पुडा धरून आल्या. मागं विमल, पदर दातात धरलेली. "ए सोनपाकळीवाल्या भाऊ, हिकडं ये. आमची सूनबाई सातवी शिकलीय. म्हणती, पुड्याच्या बुडाला दोनशे लिहलंय, पैले अडीचशे होतं, तुम्ही कमी भरून राह्यले. मी म्हनते, पैल्यापसून दोनशेच आसंल. आता तूच सांग. पैला पुडा आन हा पुडा, एकच का दुसरा?" ओट्यावर सात-आठ माणसं होती. कारभारी तराजू सोडून माझ्याकडं बघायला लागला. विमलनं दातातला पदर सोडला. ती माझ्याकडं अशी बघत होती की जणू आता सुटलेच. मी म्हणालो, "तोच हाय, मावशी. बिलकुल तोच."

झुंबरबाईंनी पुडा पिशवीत टाकला आणि चालायला लागल्या. विमल माझ्याकडं वळली. तिनं मला शिवी द्यायला पाहिजे होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर शिकल्यावानी दिसता." आणि सासूच्या मागं गेली.

मी टेम्पोत बसलो, पुढच्या गावाला गेलो, परत आलो. तुझ्यासाठी गप्प बसलो, असं स्वतःला सांगत राहिलो. एका आठवड्यावर बोलणी आलीत, आता तोंड उघडून हातचं घालवू का. मला ते पटतही होतं. काल दुपारपर्यंत पटत होतं.

काल कारभारी माल न्यायला गोदामात आल्ता. खोकी बांधून होईपर्यंत गप्पा हाणाव्यात तसा सांगायला लागला. "तुमच्या पुड्यानं आमच्या गावात लै गंमत केली राव. झुंबरबाईनं सुनंच्या बापाला निरोप धाडला. रविवारी अकराला भावकी बसणार, पोरीला घेऊन जा म्हनून. चहाचोर सून नको म्हनती. तूच साक्षीला होतास की." हसत होता. मला जग आठवला, तो स्टीलचा. उचलायला हात शिवशिवला, पण डोक्यात कुणाच्या घालणार? कॅन्टीनमध्ये जो बोलला होता तो निदान "गेले आसतील" म्हणाला होता. मी तर छातीठोक सांगून आल्तो.

कारभारी गेल्यावर मी रिकाम्या पुड्यांची पोती उपसायला घेतली. जिल्हाभरातून गोळा झालेले पुडे रद्दीत जायचे होते. एक-दोन नाही, अकरा पोती होती. तीन तास लागले. झुंबरबाईंची गड्डी मला पक्की आठवत होती, कारण मीच ती घेतली होती आणि मीच वाटी दिली होती. त्यांनी वाटी नखानं वाजवून बघितली होती आणि पुडे सुटू नयेत म्हणून दहाही एकावर एक ठेवून निळ्या दोऱ्यानं शिवून आणले होते, कोपऱ्यात त्यांच्या हातची दुहेरी गाठ. सातव्या पोत्यात सापडली. मी तळाच्या घड्या उलटून बघितल्या. खालचे सहा अडीचशेचे. वरचे चार दोनशेचे. एकाच दोऱ्यात. बिचारीनं स्वतःच्या हातानं सुनेच्या बाजूचा पुरावा शिवला आणि एका वाटीवर मला देऊन टाकला.

संध्याकाळी शेठकडं गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत शरयू. म्हणाले, "आपण चोरी केली का? छापलंय ना? सासू-सुनांची भांडणं चहावरून झाली न्हाईत तर मिठावरून व्हतील. तू एका गावात जाऊन पुडा उलटा करून दाखव, आठ दिवसांत शंभर गावांत पुडे उलटे व्हतेत. मंग तो परतूरचा कागद मला परत दे." मी विचारलं, आणि न्हाई गेलो तर? ते म्हणाले, "मंग उद्या बदनापूरला जा, पेढे खा, सोमवारी परतूरला दुकान बघ." सगळं इतकं सरळ सांगितलं की मला राग धरायलासुद्धा जागा उरली नाही. गंमत बघ, आयुष्यात पहिल्यांदा मला राग यायला पाहिजे होता आणि तो आला नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, जड, पाय जमिनीला धरून ठेवणारं. काकांनी विचारलं होतं ना, उभा कशावर आहेस. काल संध्याकाळी शेठच्या ओसरीवर उत्तर सापडलं असं वाटलं, पण ते दाखवायला कागद नाही.

तर हे पत्र यासाठी. आज अकरा वाजता तुमच्याकडं पोहे होतील, काका दोनदा घड्याळ बघतील, आत्या काहीतरी बोलेल, आणि मी येणार नाही. अकरा वाजता मी टेंभुर्णीत, झुंबरबाईंच्या ओसरीवर असेन. त्यांना वाचता येत नाही, पण स्वतःची गाठ ओळखता येते. आकडे भावकीतला कुणीही वाचेल. मंग सांगेन की पुडा दुसरा होता, खोटं मी बोललो, आणि वाटीचं डोकंही माझंच. त्यांनी मला ओसरीवरून ढकललं तर ढकलू दे. मी हात उचलणार नाही, हे तुला वचन. आमच्या गोदामातला मच्छिंद्र पहिल्या गाडीनं बदनापूरला जातोय, पत्र तोच तुझ्या हातात देईल. काकांना माझ्यासाठी ताप-बिप सांगू नकोस. विचारतील तर हे पत्रच वाचायला दे, मला लाज नाही. माझी वाट बघ, असंही म्हणणार नाही. पहिल्यांदाच तुझ्याकडं काही न मागता लिहितोय. फक्त कळवतो. टेंभुर्णीचं निपटलं की संध्याकाळी मी बदनापूरच्या फलाटावर, आपल्या बाकावर बसेन. आलीस तर माझ्याकडं एजन्सी नसेल, खोली नसेल, आणि सांगायला अर्धं राहिलेलं काहीही नसेल. न्हाई आलीस तर शेवटच्या गाडीनं परतूरला जाईन आणि दादांना सांगेन, पोरगी चांगलीच होती. परतूरचा कागद टेबलावर ठेवला आहे, त्याच्यावर या खोलीची किल्ली. दाराला लॅचचं कुलूप आहे, एकदा ओढलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. पुड्यांची गड्डी शर्टाच्या आत घेतली आहे. मच्छिंद्र बाहेर सायकलची घंटी वाजवून राह्यला. सही करतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
भुजंग