जनाबाईची सही

३ फेब्रुवारी
तीन महिन्यांत परत येशील, हेच ना बाबा? गॅरेज सोडलं तेव्हा तेच, सुरतेची मिल सोडली तेव्हाही तेच. पण या वेळी नाही यायचो, लिहून ठेवतो. त्यासाठीच ही वही घेतली.

नौपाड्यात वकीलबाईंचं ऑफिस आहे, दुसरा मजला, एसी. विनिता मॅडम. माझं काम फायली, झेरॉक्स, चहा. टायपिंगला पोपटकाका. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, शिक्षण किती? सातवी म्हटलं. म्हणाले, वा, इथे जास्त शिकलेलेच गोत्यात येतात, तू टिकशील. झोपायला डोंबिवलीत गावच्या आनंदाची खोली. मस्त चाललंय.

७ फेब्रुवारी
आतल्या केबिनमध्ये दर्शन सर बसतात. बँकवाले, पण गल्ल्यावरचे नाहीत. कंपन्या शेअर बाजारात उतरवून कोट्यवधी उभे करून देणारे. आधी ते मोठ्या बँकेत होते, मॅडम मोठ्या वकिली फर्ममध्ये. दोघांना एकाच लफड्यात घरी बसवलं, असं पोपटकाका कुजबुजले. एकाने आकडा फुगवायचा, दुसरीने त्यावर कायद्याची इस्त्री फिरवायची. लग्न न करता संसार चाललाय, म्हणाले.

आता एक बिल्डर कंपनी उतरवायची आहे. तिची सगळी किंमत कोपरीच्या खाडीकाठच्या जागेवर. जागा कोळ्यांची, बारा घरं. त्यांची संमतीपत्रं हवीत.

१२ फेब्रुवारी
मॅडमनी केबिनमध्ये खुर्चीवर बसवलं. समोर बारा कोरे स्टँप पेपर. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, म्हणजे त्या माणसाने माझ्यासमोर सही केली असं. माणसं नंतर येतील म्हणाल्या, इथे साक्षीदार आधी, हीच पद्धत. एका सहीचे पाचशे. केल्या. रघु लिहिताना र ला ऐटीत शेपूट काढलं. आयुष्यात कोणी माझी सही मागितली नव्हती.

बूट घेतले. माणसं आलीच नाहीत. मी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी
कोपरीच्या त्या बारा घरांतली शकूताई आलेली, संमतीपत्राची झेरॉक्स घेऊन. त्यावर तिच्या आईची, जनाबाईची, वळणदार सही. तारीख मागची टाकलेली. म्हणाली, दादा, आई दिवाळीत गेली. तिला अक्षर येत नव्हतं. रेशनला, बँकेत, सगळीकडे अंगठा. मग तुझ्यासमोर सही कोणी केली?

मॅडम दारात उभ्या. मी म्हटलं, त्यांनीच केली. हळूहळू, एकेक अक्षर लावून.

एकेक अक्षर लावून, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. माझ्याच तोंडातून आलं. शकूताईने माझ्या बुटांकडे बघितलं आणि गेली.

२४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत बाकावर एक म्हातारी. लुगडं कोळणीचं, पाय खाडीच्या चिखलाने भरलेले. मॅडम बाहेर गेल्यात म्हटलं. म्हणाली, मॅडम नको, तूच हवास. मी एकेक अक्षर लावलं, असं तूच सांगितलंस ना माझ्या शकूला? मग शिकव रं बाला. तू खोटा नको पडायला.

पोपटकाका डबा खाता खाता विचारतात, अरे, कोणाशी बोलतोस? लादीवर चिखल नव्हता.

२७ फेब्रुवारी
रोज येते. रागावत नाही. रागावली असती तर बरं — माझा हात धरते, गार हात, आणि माझ्याच पेनाने गिरवते. ज झालं. ना झालं.

माझ्या अंगठ्याला निळी शाई लागलीय. शाईच्या पॅडला मी हात लावलेला नाही. लिंबू, साबण, रॉकेल — जात नाही.

५ मार्च
शेअर उघडला. दुप्पट भाव. केबिनमध्ये पेढे. दर्शन सरांनी पाठ थोपटली, रघु, कंपनी तुझ्या सहीवर उभी आहे रे. मी पेढा खाल्ला. खाल्ला मी.

कोपरीत घरं रिकामी करायची नोटीस लागली. पहिलं घर शकूताईचं.

७ मार्च
पोपटकाका हळूच म्हणाले, साक्षीदारच उलटला तर कागद पडतो. नोटिशीविरुद्ध शकूताई कोर्टात गेलीय, सोमवारी तारीख आहे तिची. पण मग नोकरी जाईल, तूही आत जाशील. आणि बाबा म्हणतील, बघ, तीन महिनेपण नाही टिकला —

उद्या लिहून देतो.

८ मार्च
नाही लिहिलं.

१० मार्च
सकाळी लिहिलं. जनाबाईने सही केली नाही, मी बघितली नाही, मी खोटं बोललो. सगळं. खाली सही करायला गेलो — र येईना. हात वळेना. नुसती रेघ. ती बाकावर बसून स्वतःचं नाव लिहीत होती, भराभर, वळणदार.

शेवटी अंगठा उठवला. धावत कोर्टात नेऊन दिला कागद. शकूताईने आईच्या जुन्या रेशनच्या कागदाशी लावून बघितला. रेघ न् रेघ तीच. माझा अंगठा नाही, तिच्या आईचा —

म्हणाली, मेलेल्या बाईचा अंगठापण विकायला काढलात?

तिच्या वकिलाने माझा कागद फाडला.

१३ मार्च
घर पाडलं. मी लांब उभा होतो. जवळ जायला तोंड —

हे वहीतलं अक्षर माझं नाही. माझं असं वळणदार कधीच नव्हतं.

१५ मार्च
बाबा, परत आलो असतो. पण कोण म्हणून येऊ —

बूट विकले. शकूताईला मनिऑर्डर. जास्त पाठवायची लाज वाटते, भरपाई दिल्यासारखं — तिच्या आईच्या सहीचे मिळालेले, तेवढेच. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव टाकायचंय, हात भलतंच लिहितो — ज — ना — रक्कम तरी माझ्या हाताने — रुपये पाचशे —