आबा, तुमचं ते मोकळं आभाळ

आबा, तुमच्यावर लई राग आलाय. मेलेल्या माणसाशी भांडू नये, असं आई म्हणायची. पण माझं डोकं फिरलंय आणि भांडायला दुसरं कुणी समोर नाही. तुमच्या नातीबद्दल आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा खायची. आता ती परदेशात, कीव्ह नावाच्या मोठ्या शहरात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्या शहरावर वरून बॉम्ब पडतात. रोज नाही, पण कधी पडतील ते कुणालाच सांगता येत नाही. तिथली माणसं तरीही दूध आणायला जातात, परीक्षा देतात, भोंगा वाजला की तळघरात उतरतात आणि थांबला की वर येऊन राहिलेला चहा पितात, असं ती सांगते. आणि वर म्हणते, "आई, सवय होते गं."

भूकंपाच्या साली तुम्ही एसटीवर ड्रायव्हर होतात. मदतीचं सामान घेऊन तुम्ही तिकडं किल्लारीकडं गेलात. आपल्या पाटोद्यात नुसती भांडी पडली होती. तुम्ही परत आलात तेव्हा खाकी कपडे पांढऱ्या मातीनं भरलेले, डोळे लाल. पाणीसुद्धा न पिता तुम्ही घरातल्या गोधड्या ओढून अंगणात टाकल्या आणि म्हणालात, "आजपून छताखाली कुणी निजायचं न्हाई." आई म्हणाली, "कावून? आपल्याकडं काय झालंय?" तुम्ही एवढंच म्हणालात, "म्या बघून आलोय." काय बघितलं ते मरेपर्यंत सांगितलं नाहीत. थंडी पडली, गोधड्या दवानं ओल्या व्हायच्या, शेजारीपाजारी कधीच घरात गेले, आपण मात्र होळीपर्यंत अंगणात. पुढं घरात आलो तरी तुमची कवायत सुटली नाही. जेवता जेवता तुम्ही ताट वाजवायचात आणि ओरडायचात, "हाललं!" की आम्ही घास टाकून बाहेर पळायचं. एकदा मी दप्तर घ्यायला मागं फिरले तर भर अंगणात कानाखाली जाळ काढलात. "दप्तर गेलं खड्ड्यात! डोक्यावर आभाळ असलं की माणूस जगतंय." गाल सुजला होता, पण ते वाक्य मला पटलं. इतकं पटलं की पुढं माझ्या पोरीलाही मी तेच शिकवलं. ताट वाजलं की ती खिदळत अंगणात पळायची आणि वर बघून टाळ्या वाजवायची.

आता ऐका त्याचं काय झालं. स्टँडजवळच्या आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत मी खानावळ चालवते. लढाई सुरू झाली त्या सकाळी मी भाकरी थापत होते, हात पिठात, फोन फळीवर ठेवलेला. तिचा आवाज आला, "आई, बिल्डिंग हलायलीय. काचा वाजायल्यात." आणि मी काय ओरडले असेन? "पळ! बाहेर पळ! मोकळ्यात जा!" कुणाचे शब्द होते ते, आबा? माझे नव्हते. तुमचे होते, जसेच्या तसे. पोरीला तरी कुठं विचार करायचा होता, ती माझ्या आधीच जिन्यात होती. पायात चप्पल नाही, त्या थंडीत होस्टेलपुढच्या मैदानात जाऊन उभी राहिली, शिकवल्यासारखी, वर बघत. होस्टेलची म्हातारी राखणदारीण धावत आली, हिची वेणी धरली आणि फरफटत तळघरात नेली. दार ओढलं आणि त्याच मैदानात वरून बॉम्ब पडला. तिथं उभ्या असलेल्या गाड्यांचा कोळसा झाला. ती म्हातारी कोण, कुठली, माहीत नाही. तुमच्या नातीला तिनं तुमच्या शिकवणीपासून वाचवलं, एवढं मला माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, मला काय ठाऊक होतं? नव्हतंच ठाऊक. तरीही राग येतो, काय करू? भूकंपाला शिव्या देऊन काय मिळणार, जमीन हलली, तिला कुठं कळतं खाली कोण निजलंय. पण हे टाकणारा माणूस असतो, आबा. त्याच्याही घरी कुणी भाकरी करत असेल. तो बघून टाकतो. खाली बाया कपडे वाळत घालत असतात, हे त्याला माहीत असतं. तुम्ही आम्हाला छताची भीती घातलीत आणि आभाळाला चांगलं म्हणालात. आभाळातून माणूस माणसावर असं काही टाकेल, हे तुमच्या डोक्यात आलंच नाही. तुमचा भोळेपणा आमच्या पोरीला केवढ्याला पडला असता!

त्या हल्ल्यानंतर ती सुखरूप घरी आली तेव्हा अंगणात पाय ठेवायला तयार नव्हती. तुमच्याच अंगणात! शेजारच्या लग्नात फटाके वाजले तर धान्याच्या कोठीमागं जाऊन बसली. बाया भेटायला यायच्या, चहा प्यायच्या आणि जाता जाता विचारायच्या, "कावून पाठवली गं एवढ्या लांब? हितं काय कॉलेजं न्हवती का?" होती की. एकाही कॉलेजनं तिला पुढच्या वर्षाला बसू दिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून करा म्हणाले. महिने गेले, ती वाट बघत राहिली आणि एके दिवशी म्हणाली, "आई, मी परत चालले. मला डॉक्टर व्हायचंय. नुसती वाचलेली पोरगी म्हणून किती दिवस राहू?" मी आकांडतांडव केलं, उपाशी बसले. ती गेली. तिच्या त्या हट्टात तुम्ही दिसलात आणि मला आणखीच चीड आली.

तिनं माझ्या फोनमध्ये तिकडचा भोंगा बसवून दिलाय. तिच्या शहरात इशारा झाला की पाटोद्यात माझ्या भाकरीच्या परातीजवळ वाजतो. गिऱ्हाईक दचकतं. मागच्या आठवड्यात एक गडी जेवता जेवता फोनवर तसल्याच हल्ल्याचा व्हिडिओ बघत होता. अख्खी इमारत खाली बसली आणि हा मिटक्या मारत दोस्ताला म्हणतो, "काय उडवलंय बे! लाव पुन्हा." मी त्याच्या पुढचं ताट उचललं. "ऊठ." तो म्हणाला, "मावशे, काय झालं? अजून भाकरी राहिलीय." मी म्हटलं, "तिथं माझी लेक हाय. ऊठ, पैसे नको तुझे." तो उठून गेला. पिठलं मी कुत्र्याला घातलं.

आणि परवा दुपारी भोंगा वाजला. तिनं मला बजावून ठेवलंय, "आई, तू बाहेर पळ म्हणायचं न्हाई. फक्त खाली जा म्हण." मी फोन लावला आणि दात आवळून म्हणाले, "खाली जा. जिन्यात थांबू नको. खाली जा." माझ्या तोंडून ते निघत नव्हतं, आबा, प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत होता. ती म्हणाली, "चालले गं," आणि फोन तुटला. तळघरात रेंज नसते. तव्यावर भाकरी जळायला लागली, गिऱ्हाईक "मावशी, मावशी" करत होतं, आणि मी कुठं होते? अंगणात. तुमच्या अंगणात, अनवाणी, वर बघत. कधी पळाले ते मलाच कळलं नाही. तिचा "आई, वर आले" असा फोन येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुम्हाला चार शिव्या द्याव्यात म्हणून लिहायला बसले होते. हा कागद संध्याकाळी चुलीत जाईल, तुमचा पत्ता कुणाकडं आहे? जाता जाता एक सांगते. ती तिकडं जमिनीखाली बसली होती आणि मी इथं उघड्यावर उभी होते, आणि आबा, डोक्यावर ते मोकळं आभाळ बघून मला बरं वाटलं. हे मी तिला सांगितलेलं नाही.