कवळी काढलेला चेहरा

ता. ३ जून

ती. बाबांना सा. न.

आणि वि. वि. असं की मला शहाणपण शिकवायचा तुमचा हक्क आता संपला. टाइल्सचं काम सोडलं तेव्हा तुम्ही मला भिंगरी म्हणालात. इस्त्रीचं दुकान सोडलं तेव्हा चार लोकांसमोर म्हणालात की ह्याच्या बुडाला काटे आहेत. ट्रकवरचं सोडलं तेव्हा तर दोन महिने बोलला नाहीत. आठवीत शाळा सोडली ते मी काढतच नाही. आणि आता ताईच्या पत्रातून कळतं की तुम्ही स्वतः, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दातांच्या कारखान्यातली सत्तावीस वर्षांची खुर्ची सोडून घरी माणसांचे चेहरे रंगवत बसला आहात. मला एक ओळ लिहावीशी वाटली नाही?

बाबा, डॉक्टर लोक तुमच्याच हातची कवळी मागतात. रविवारी चित्रं काढत होता, तेव्हा कोण आडवं आलं होतं? पण चेहरे काढून चूल पेटत नाही. फोटोवाला पाच मिनिटांत हुबेहूब चेहरा देतो, आणि तोही निम्म्या पैशात.

मी इथे सव्विसाव्या मजल्यावर दोराला लटकून काचा पुसतो. वारा आला की बादली एकीकडे, मी एकीकडे. काचेच्या आत माणसं खुर्चीत बसून काम करतात. त्यांच्याकडे बघून मी मनात म्हणायचो, माझा बाप पण असाच खुर्चीवर बसतो. आता तेवढंही म्हणायची सोय राहिली नाही.

पैसे ताईच्या नावावर पाठवलेत. घरखर्चाला आहेत. त्यातला एक पैसा रंगात गेला तर मला कळेलच, ताई लपवत नाही.

अक्षर लावून वाचा. आईला नमस्कार. रागावलोय, पण तुमचाच आहे, तेवढं धरून ठेवा.

भिंगरी


ता. १६ जून

चि. भिंगरीस ताईचे अ. आ.

तू काय करून बसलास ते तुला कळलं तरी आहे का? काल कारखान्याचे मालक स्वतः घरी आले, हातात तू त्यांना लिहिलेलं पत्र. बाबा स्वयंपाकघरात ब्रश धूत होते. त्या एका खिडकीलाच दिवसभर सारखा उजेड असतो, म्हणून चित्र तिथे, आणि आपण जेवतो पॅसेजमध्ये, गुडघ्याला गुडघा लावून. मालकांनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. माझ्या वडिलांचं डोकं फिरलंय, त्यांची जागा दुसऱ्याला देऊ नका, हात जोडतो, असं लिहिलं होतंस ना? माणूस चांगला आहे. पंधरा जुलैपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो, मग माझाही नाइलाज आहे, म्हणाले. बाबा नुसतं बरं म्हणाले. मालक गेल्यावर तेच धुतलेले ब्रश पुन्हा तासभर धूत बसले.

आई त्यांच्याशी बोलत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला सांगते की वाढलंय, कोणाला यायचं असेल त्यांनी या. बाबाही घड्याळालाच आलो म्हणतात. मला हसू येतं.

आतापर्यंत दोन चित्रं झाली. एकानं अर्धे पैसे दिले, दुसऱ्यानं नुसतंच तोंडभर कौतुक. पण आता मोठं काम आलंय. कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानाचे म्हातारे मालक, आपले खिळेवाले आजोबा, हिवाळ्यात गेले. त्यांच्या मुलांना दुकानात गल्ल्याच्या वर लावायला त्यांचं मोठं चित्र हवंय. साडेचार हजार ठरलेत. बाबांनी स्वतःशीच पण लावलाय. हे पसंत पडलं तर पुढे, नाहीतर पंधरा तारखेला डबा घेऊन कारखान्यात. तुला सांगू नको म्हणाले होते, म्हणून सांगतेय.

चित्रावर जुनी चादर असते. कोणाला उचलू देत नाहीत. अठ्ठावीसला खिळेवाल्यांची मुलं बघायला येणार.

बाबांची माफी माग. माया आहे म्हणून खडसावते, परक्याला पत्र कोण लिहितं?

ताई


ता. २१ जून

ती. ताईला सा. न.

माफी मागणार नाही. मालकांना लिहिलं ते चोरून लिहिलं, एवढं कबूल.

तुला वाटतं मी रागानं लिहिलं. राग कसला? इथे मागे वारा खूप होता म्हणून अठरा दिवस काम बंद होतं. रूमवरच्या वेल्डरच्या ताटात जेवलो, आणि तो पाणी प्यायला उठला की मी हात आखडता घ्यायचो, त्याला वाटू नये की जास्त खातो. मी तेवीस वर्षांचा, मला चालतं. बाबांना बावन्नाव्या वर्षी कोणाच्या ताटात हात आखडून जेवताना मला बघायचं नाही. आईला तर नाहीच. म्हणून लिहिलं.

एक काम कर. ते आंघोळीला गेले की चादर उचल आणि चित्र कसं झालंय ते मला खरं खरं कळव. चांगलं असेल तरी कळव.

दोर तपासायला मुकादम बोलावतोय. जीव टांगलेला आहे, तुमचाही, माझाही. सांभाळून घे.

भिंगरी


ता. ३० जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं वाचली, मला लिहिलेलं आणि मालकांना लिहिलेलं. दुसऱ्यात अक्षर जास्त चांगलं काढलं आहेस.

चेहरे कशाला, हे तुला सांगायला हवं होतं. सत्तावीस वर्षं माझ्या टेबलावर प्लास्टरचे जबडे आले. सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि दाताच्या रंगाचा आकडा. मी दात बसवायचो, ते डब्यात भरून जायचे. ते माणूस हसताना कसं दिसतं, मला कधी कळलं नाही. आले ते फक्त खिळेवाले. कवळी टोचते म्हणून डॉक्टरला वगळून थेट माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसले. मी कवळी घासून देईपर्यंत बोळक्या तोंडानं गोष्टी सांगून स्वतःच हसत होते. असे चार वेळा आले. चौथ्या वेळी कवळीत काहीच दोष नव्हता. त्या दिवशी चिठ्ठीच्या पाठीवर मी त्यांचा चेहरा काढला. तो माझा पहिला.

मुलांनी मला त्यांचा फोटो दिला होता. मी सवयीनं तोंडापासून सुरुवात केली. तीन वेळा पुसलं. फोटोत खिळेवाले नव्हतेच, माझी कवळी होती. मग ती चिठ्ठी शोधून काढली आणि बोळकं रंगवलं. चित्र जमलं. आयुष्यात इतकं काही जमलं नव्हतं.

परवा मुलं आली. चादर काढली तसा थोरला पांढरा पडला. त्यानं वडिलांना दातांशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. म्हातारा खोलीचं दार लावूनच कवळी काढायचा. गिऱ्हाइकांसमोर आमच्या वडिलांचं हसं करायचंय का, असं त्यानं विचारलं. धाकट्यानं निघताना सांगितलं की दात रंगवा, ठरलेले पैसे हातावर ठेवतो.

काल खिळेवाल्यांची बायको, आजी, एकट्याच आल्या. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिल्या. दार लावल्यावर हे असेच असायचे, एरवी दुकानदार, असं म्हणाल्या. मग हे अजून किती दिवस इथे आहेत, असं मला विचारलं. जणू ते आमच्याकडे मुक्कामाला आलेत. घरातले व्यवहार मुलांच्या हातात आहेत, त्यामुळे त्यांनी पैशांची गोष्ट काढली नाही, मीही काढली नाही.

दात रंगवायला मला एक दुपार पुरे. मीच केलेले, एकेक पाठ आहे. रंगवले तर चित्र भर दुकानात लागेल आणि पुढची कामं येतील. पण मग ते कवळी बसवण्याचंच काम झालं, आणि ते मालकांकडे पगारावर करता येतं. म्हणून दात रंगवणार नाही. पंधरा तारखेला कामावर जाईन. तुझं म्हणणं खरं ठरलं.

आई काल महिन्याभरानं माझ्याशी सरळ बोलली. डबा कोणता देऊ, असं विचारलं.

दोराला दोन गाठी मारत जा. माझं काही असो, तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

बाबा


ता. ७ जुलै

ती. बाबांना सा. न.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी माझा दात पडला. तुम्ही केलेला, पुढचा. वर कप्पीत दोर अडकला आणि मी वीस मिनिटं वाऱ्यात लोंबकळत राहिलो. ओरडता ओरडता दात सुटला आणि सव्वीस मजले खाली गेला. घाबरू नका, मी त्याच्या मागे गेलो नाही.

शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळताना तोंडावर आपटलो होतो, आठवतं? आधी दोन थोबाडीत दिल्यात, मग अख्खा रविवार बसून दात केलात. शेजारच्या दातावर पिवळा डाग होता, तसाच नव्यावर दिलात. नऊ वर्षांत कोणाला कळलं नाही, माझ्यासोबत हिंडलेल्या पोरांनाही नाही. आता लटकून बसलो होतो तेव्हा समोर काच होती. काचेत एक खिंडार पडलेला पोरगा, डोळे फाडून बघणारा. मला आधी ओळखूच आला नाही. मग वाटलं, अरे, हा तर तोच, भिंतीवरून पळालेला. इतकी वर्षं कुठे होता?

तीन दिवस ओठ मिटून होतो. मग वेल्डरनं काहीतरी चावट सांगितलं आणि हसलो. तो म्हणाला की आज पहिल्यांदा तू माणसासारखा हसलास. त्यानंतर तुमचं पत्र परत वाचलं. पहिल्यांदा नुसतीच अक्षरं लावली होती.

दात रंगवू नका बाबा. कारखान्यातही जाऊ नका. आजींनी मुक्कामाचं विचारलं ना? मग फोटोवाल्याचं मी लिहिलेलं खोडून टाका. तो असं कोणाला मुक्कामाला आणू शकत नाही.

मालकांसाठी दुसरं पत्र लिहिलंय, खुर्ची दुसऱ्याला द्या म्हणून. ह्या वेळी त्यांना पाठवलं नाही, ह्याच पाकिटात आहे. द्यायचं की फाडायचं ते तुम्ही ठरवा. अक्षर चांगलं काढलंय.

चित्र मी विकत घेतोय. ठरलेल्याच भावानं, पोरगा म्हणून सूट नको. ते आजींच्या खोलीत द्या, दार लावल्यावर समोर दिसेल असं. मुलांनी विचारलं तर सांगा की गिऱ्हाइकानं नेलं.

तुम्ही विचाराल पैसे कुठून आणले. पुढच्या महिन्यात हे काम सोडून बंदरावर जाणार होतो, त्यासाठी साठवत होतो. आता वर्षभर इथेच. एका घरात एका वेळी एकच भिंगरी बरी.

नवा दात इतक्यात करू नका. मी आलो की आधी मला त्या खिडकीपाशी बसवा, आहे तसा. आईला घड्याळातर्फे सांगा की डबा परत फळीवर ठेव. आणि माझ्यावर रागवायचं राहिलं असेल ते राखून ठेवा, समोर बसल्यावर ऐकेन.

तुमचा
पोरगा

ता. क. हे घरखर्चाचे नाहीत. ह्यातला एक पैसाही घरात गेला तर मला कळेल. पाठवतोय : साडेचार हजार.