घागरीतलं लाल

३ मार्च १९५९
आज परत! काल पंपावरून भरली तेव्हा घागर काचेसारखी, आज सकाळी तांबडी लाल. रंभेनं सगळं अंगणात ओतलं. "पहिलीचं रगत हाये हे. मले नाही राहायचं इथं." शेजारच्या ठकूबाईनं डोक्यात भरवलेलं! माझी पहिली बायको वच्छला याच खोलीत बाळंतपणात गेली, रक्त थांबलं नाही, हे खरं. पाण्याशी काय संबंध? रविवारी रंभेचा भाऊ केवलराम तिला न्यायला येणार म्हणे. लग्नाला चार महिने नाही झाले.

४ मार्च
पाणी कामावर नेऊन बॉयलर हाऊसच्या लॅबमध्ये तपासलं. ताज्या पाण्यात आम्ल आणि थायोसायनेट (गंजलेलं लोखंड असलं की लाल होतं) — रंग नाही. तेच उघडं ठेवलेलं — लालभडक! म्हणजे लोखंड येतं फेरस, विरघळलेलं, दिसत नाही. हवा लागली की फेरिक — गंज. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही मी. पुस्तकांवर शिकलो, पण चूक काढून दाखवावी कोणी.
रंभेला समजावलं. "हवा तं ठकूबाईच्या घरी बी हाये. तिचं कावून नाही लाल होत?"
ठकूबाई टँकरचं भरते, बाई!

५ मार्च
रंभा जेवली नाही.

६ मार्च
प्लांटमध्ये टाकून दिलेला झिओलाइट मागून आणला — पाण्यातलं लोखंड धरून ठेवणारे वाळूसारखे दाणे. मिठाच्या पाण्यानं धुतले, बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात भरले. सोबत काम करणारा बाबुलाल हसला, "कृष्णराव, घर में भी प्लांट खोल रहे हो क्या?" खोलीन!

७ मार्च
घागर सकाळी स्वच्छ!!
पण लोखंड दाण्यांत कोणत्या रूपात बसलं? मूठभर लॅबमध्ये नेले, हवा लागू न देता आम्लात विरघळवले. एका नळीत लाल, दुसऱ्या कसोटीला निळं — फेरिक आणि फेरस, दोन्ही. उरलेले मिठानं धुतले: निळं गेलं. लाल गेलं नाही. परत धुतले. नाही.
असो. घरी रंभेच्या हाती पेला दिला. प्यायली. "खारट हाये जरा," म्हणाली, आणि हसली. जिंकलो!

८ मार्च, रविवार
केवलराम आला. रंभेनं पेटी उचलली. म्हटलं, पाणी तर साफ झालं ना?
"झालं. पाण्यासाठी नाही जाऊन राहिली मी."
मग?
"काल पेला देतानी बी तुमी मले वच्छला म्हणलं. रोजच म्हणता."
रोजच! मला एकदाही ऐकू आलं नाही.