दरेकशाच्या खडकावरून

दरेकसा, १२ डिसेंबर १९५४

वहिनी,

डावं चाक दोन धोंड्यांत उतरलं ते उतरलंच. चारही चाकांना जोर दिला, टायरमधली हवा कमी केली, पण जीप हलली नाही. पोटाखाली खडक टेकला आहे. मागून आमचा सामान वाहणारा खलाशी हिरालाल चालत येत होता. म्हणाला, "काऊन गा केवळराम, गाडी चालवून राहिला का पुजून राहिला?" साहेबही हसले. म्हणाले, आज इथंच राहू.

साहेब नागपूरचे, दगड तपासतात. मी त्यांना डोंगरांवर नेतो. इथं तंबूच्या खुंट्या आत जात नाहीत, म्हणून दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. अंधार पडायला अजून वेळ आहे. हिरालालने भात चढवला आहे. साहेब म्हणतात, हा सगळा डोंगर एके काळी पातळ विस्तव होता, जमिनीतून वर आला आणि थिजला. मी हात लावून पाहिला. उन्हाने तापलेला होता, एवढंच.

मी खुशाल आहे. तुम्ही आणि आई खुशाल असाल. खळ्यावर धान चुरून झालं असेल. तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का, कळवा.

बाजाराच्या दिवशी आपल्या कामठ्याचा उदाराम भेटला. तुमचा निरोप त्याने चार माणसांत सांगितला, हळू बोलणं त्याला जमत नाही. "लुगडं घडीतच ठेवलं आहे. चुकून आलं असंल तं तसं सांगा, वापस घेऊन जा." येत्या शुक्रवारी तुमचे भाऊ तुम्हाला न्यायला येणार, कोहमारा गावच्या माणसाशी तुमचा पाट लावणार, हेही त्यानेच सांगितलं.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत हिरवं लुगडं दिसलं. तुमच्या लुगड्याला ठिगळ होतं ते आठवलं. घेतलं आणि उदारामच्या हाती पाठवलं. थोरला भाऊ वारल्यावर दिराने वहिनीला लुगडं पाठवलं म्हणजे पाटाचं बोलणं झालं, हे गावात पोरांनाही माहीत आहे. मी वर्षभर परक्या माणसांत आहे, माझ्या ध्यानात आलं नाही. असं लिहिणार होतो.

दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, बायकोसाठी. मग तिथून लवकर निघालो.

दादा गेला तेव्हा तेराव्यालाच आईने हा विषय काढला. तुम्ही आत चुलीजवळ होता, ऐकलं असेल. बकारामदादाच्या पाटावर जेवायला बसायचं, त्याच्या बैलांना त्याच्यासारखी हाक मारायची, याची मला लाज वाटली. नोकरीचं निमित्त करून निघालो. तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. तुम्ही वाटेत खायला भाकरी बांधून दिली.

कोहमाऱ्याच्या माणसाला मी ओळखत नाही. चांगला असेल. तुमच्या मनात तिकडे जायचं असेल तर लुगडं आईजवळ द्या. मी राग धरणार नाही. पण ते चुकून आलेलं नाही. हे उदारामच्या तोंडून कळायला नको, म्हणून लिहितो. तुम्ही चौथी शिकलात, स्वतःच वाचा.

मला शेती नीट येत नाही. गाडी येते. खडकावरही येते, आजचा दिवस सोडला तर. पावसाळ्यात डोंगरावरचं काम बंद असतं, तेव्हा रोवणीला घरी राहता येईल. बाकीचे महिने असे तंबूत जातात. हे आधी सांगितलेलं बरं.

दरवेळी खाली 'तुमचा धाकटा दीर' असं लिहितो. या वेळी नुसतं

केवळराम

सोमवार. सकाळी हिरालालने पहारीने धोंडा फोडला, जीप निघाली. साहेबांनी रजा दिली. टपालाने पत्र शुक्रवारनंतर पोचेल, म्हणून पेटीत टाकलं नाही. दुपारच्या गाडीने मीच घेऊन निघतो आहे.