टाकीखालची वायर

आणि बाबांची पान्ह्यांची पेटी मी पळवली नाही, दादा. त्यांनी आपल्या हाताने दिली. तू त्या दिवशी सासुरवाडीला होतास. हे आधी नोंदवतो, मग मृत्युपत्र.

मी, तुझा धाकटा भाऊ, वय चोवीस, शुद्धीवर असून, न पिता, कोणाच्या धाकाखाली नसताना लिहितो. धाक आहे, पण तो माणसाचा नाही, वायरचा आहे.

इथल्या गॅरेजमालकांची एक गाडी आहे, आपल्या आजोबांच्या वयाची. सहा व्होल्टची. ती बारावर न्यायचं काम मीच अंगावर घेतलं. बल्ब बदलले, कॉइल बदलली. वायर मात्र जुनीच, सुती कापड गुंडाळलेली. मालक म्हणतात, "अस्सल आहे, हात लावायचा नाही." ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून, आणि या गाडीत टाकी चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर असते.

बाबांचा नियम तुला पाठ आहे: काळी अंगाला, लाल कामाला. अंग म्हणजे गाडीचा पत्रा. या गाडीत उलटं, लाल अंगाला. मला माहीत होतं. तरी काल घाईत जुनी बॅटरी न काढताच नवी लावून पाहिली, आणि हात सवयीने काळी वायर घेऊन अंगाकडे गेला. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. टाकीखालच्या वायरचं कापड जळालं. मी टेप गुंडाळली आणि तोंड शिवून बसलो. आज चारला पाहुणे येणार, आणि गाडी मीच बसून चालू करायची आहे. आत्ता अकरा वाजलेत. घामाने पेन निसटतंय.

पेटी दादाला. त्यातला दहा-अकराचा पाना वहिनीला, ती त्याने नळ आवळते. सायकल ताईच्या लेकीला, ब्रेक आधी बघा. आईला काही सांगू नका, फक्त माझा फोन द्या. शाळेतल्या मास्तरांना काहीही नाही. "याला कशाचा अर्थ लागत नाही," म्हणायचे. गॅरेजात बॅटरीची जी वायर पत्र्याला जोडतात तिलाच 'अर्थ' म्हणतात, अर्थिंगमधला. त्यांचं खरं झालं.

साक्षीच्या सहीसाठी गॅरेजातल्या रंगाऱ्याला बोलावलं. त्याला वाटलं, जामीन राहायचंय. वाचून म्हणाला, "नवी वायर कितीला येते?"

सांगितलं.

"एवढ्यासाठी मरतोस? मालकाला वरचं कापड दिसतं रे, आतलं तांबं नाही. जाऊन बोल."

गेलो. म्हणालो, वायर जळाली, मी जाळली. मालकांनी वाकून टाकीखालची टेप सोलून पाहिली. मग म्हणाले, "बदल. तुझ्या पगारातून. आणि चारला तूच बसायचं."

वायर आणायला निघतोय. चारला बसायचं आहेच, म्हणून हा कागद रद्द करत नाही. तुझं म्हणणं, मी घाई करतो, ते मात्र मान्य.

सही: धाकटा
साक्षीदार: रंगारी (सही), टायरवाला (अंगठा, लिहिता येतं, पण हात काळे होते)
ठिकाण: गॅरेज, गाडीच्या शेजारी
तारीख: अकरा, दुपारी बाराच्या आत

घरी दर महिन्याला पाठवतो ते पंधरा हजार या महिन्याला नाहीत. वायर वजा जाता पाठवतो: अकरा हजार दोनशे.